देणगीवरच्या करवजावटीच्या (८०जी) प्रमाणपत्रावर चुकीचा पॅन, तीन वेळा बंद केलेली तक्रार

दि. २२ जुलै २०२४

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

१४ जानेवारीला मी देणग्या गोळा करणाऱ्या आपल्या संकेतस्थळावरून एका ट्रस्टला ब्रेल पुस्तकांसाठी २०,००० रुपये दिले. माझ्या आईची नजर शेवटची चार वर्षं गेलेली होती, पेपर मीच वाचून दाखवायचे. तिच्या नावाने दिलेले हे पैसे आहेत, म्हणून त्यांच्या कागदपत्रांत झालेली हेळसांड मला जास्त लागते.

३ जूनला ट्रस्टकडून फॉर्म १०बीई, म्हणजे वजावटीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र, आला. नाव माझं, रक्कम बरोबर, पण पॅनचं शेवटचं अक्षर 'डी'ऐवजी 'बी'. मी ट्रस्टला फोन केला. त्यांनी लगेच देणगीदारांची यादी काढून पाहिली. आपण पाठवलेल्या यादीतच 'बी' होतं. आपल्याच पावतीवर मात्र 'डी' छापलेलं आहे, म्हणजे मी पॅन बरोबर भरला होता. यादी करताना आपल्याकडे चूक झाली.

५ जूनपासून मी तीनदा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा "पावती आपल्या ईमेलवर पाठवली आहे" असं उत्तर देऊन तक्रार बंद करण्यात आली. पावती मी मागितलीच नव्हती. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून नुसत्या पावतीवर भागत नाही. संस्थेने ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी भरून देणगीदारांची माहिती आयकर विभागाला द्यायची, आणि त्यातून निघालेलं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं, अशी पद्धत आहे. देणग्या गोळा करणं हाच आपला व्यवसाय. एवढं आपल्या माणसांना ठाऊक असायलाच हवं.

आता माझी अडचण. ८०जीची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि ती प्रणाली निवडायची तर विवरणपत्र ३१ जुलैच्या आत भरावं लागतं. उशीर झाला की नवीन प्रणाली लागू होते आणि वजावट गेलीच. त्यामुळे आपली वाट पाहत मी थांबू शकत नाही. चुकीच्या पॅनवर निघालेलं प्रमाणपत्र दाखवून वजावट मागणं मला पटत नाही. म्हणजे आता ती न मागता विवरणपत्र भरायचं आणि दुरुस्त प्रमाणपत्र आलं की ३१ डिसेंबरच्या आत सुधारित भरायचं. चूक आपली आणि हेलपाटा मला.

पैशांत पाहिलं तर रक्कम लहान आहे. या ट्रस्टच्या देणगीवर ५० टक्के वजावट, म्हणजे उत्पन्नातून १०,००० रुपये कमी. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह कर वाचतो २,०८० रुपये. आपल्या पानावर मात्र ठळक अक्षरांत "पूर्ण करमाफी" लिहिलेलं आहे. वाचणाऱ्याला वाटतं, दिले तेवढे सगळे करातून सुटले. हे वाक्य काढा आणि त्या जागी खरी टक्केवारी लिहा.

शिवाय पैसे भरताना २,४०० रुपयांची 'टिप' आधीच खूण करून ठेवलेली होती, आणि ती माझ्या लक्षात आली नाही. हे पैसे आपल्याकडे गेले, ट्रस्टकडे नाही. त्यावर वजावटही नाही. तरी पावतीवर २२,४०० रुपयांची एकच रक्कम असून खाली ८०जीचा उल्लेख आहे. एखादा भोळा माणूस तेवढ्या रकमेवर वजावट मागेल आणि नोटीस त्याला येईल.

माझा बरोबर पॅन आजच ट्रस्टला लेखी कळवा, म्हणजे त्यांना दुरुस्त १०बीडी भरता येईल. त्याची प्रत मला पाठवा. 'टिप' परत करा. आणि त्या यादीतले बाकीचे पॅनही तपासा. माझा चुकला, तसे आणखी किती जणांचे चुकले असतील, आणि त्यांतल्या कितींनी प्रमाणपत्र उघडून अक्षर न् अक्षर पाहिलं असेल?

सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहे. ट्रस्टविषयी माझी काहीही तक्रार नाही. पुढची देणगी मी त्यांना थेट देईन.

आपली,
एक देणगीदार

सोबत: पावती, फॉर्म १०बीई आणि बंद केलेल्या तिन्ही तक्रारींच्या प्रती