एका ट्रॉलीत एक घर जातं, मंत्रिमहोदय

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

भीमा खोऱ्यातल्या एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडाला गेल्या आठवड्यात पुन्हा जेसीबी लागला. फलक लावू, भोवती चर खणू, असं लेखी आश्वासन मिळालेलं असताना लागला. उघड्या पडलेल्या कडेत चोपलेल्या जमिनी एकावर एक दिसतात, मध्ये राखेचा पट्टा आहे आणि खाली तांबड्यावर काळी नक्षी असलेल्या, ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीच्या खापरांचा खच पडलाय. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती आहे ही!

महसूल खातं ही माती ब्रासवर मोजतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण एक ट्रॉली. त्या काळातलं पाच बाय तीन मीटरचं घर धरा, त्याच्या जमिनीचा वीतभर थर एका ट्रॉलीत जातो. चूल, कणगीचा ओटा, जमिनीखाली पुरलेली मुलं, सगळं त्या वीतभरातच असतं. लहान मुलाला दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरत. बकेट फिरली की उरतात फक्त खापऱ्या.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला अशीच वस्ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 पासून एक तपाहून जास्त काळ खणलं. तिथे पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला माणूस मिळाला. इतर प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडून पुरलेले, याचे मात्र शाबूत. त्यावरून तो वस्तीचा प्रमुख असावा, असं मानलं गेलं. हाडं जागच्या जागी होती म्हणून हे कळलं. जेसीबीने उकरलेल्या सांगाड्याचे पाय कोणी तोडले, हे कोण सांगणार?

नगर जिल्ह्यातल्या दायमाबादचा ब्राँझचा रथ, गेंडा, हत्ती, रेडा मिळून साठ किलोंवर वजन. 1974 साली झाडाचं मूळ काढताना मिळाले, शास्त्रीय उत्खननात थरातून नव्हे. म्हणून त्यांच्या काळाचा वाद आजही मिटलेला नाही. एवढी मोठी ठेव हाती असूनही ही गत, मग इथल्या खापरांना कोण विचारतो?

पहिल्या पावसात ही कड ढासळेल. त्याआधी कड खुरप्याने तासून थरांचं रेखाटन व्हायला हवं. काळ ठरवण्यासाठी कोळशाचे नमुने हात न लावता चिमट्याने उचलून फॉइलमध्ये ठेवावे लागतील. राखमाती पाण्यात ढवळून वर तरंगणारे जळके दाणे बारीक चाळणीत धरावे लागतील. इनामगावचे लोक जव पिकवत होते, हे असल्या दाण्यांवरूनच कळलं. चार जाणती माणसं आणि आठवडाभर वेळ, एवढंच मागतोय. शिवाय टेकाडाची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करा आणि पाहणी झाल्याशिवाय गौण खनिजाचा परवाना देऊ नका.

राज्याचा 1960 चा पुरातत्त्व कायदा आहे, पण जे टेकाड संरक्षित म्हणून जाहीरच झालं नाही त्याला तो काय वाचवणार? तलाठी म्हणतो पुरातत्त्वाला विचारा, पुरातत्त्व म्हणतं महसुलाला विचारा, आणि ट्रॉल्या चालूच. जीव तीळतीळ तुटतो, साहेब. किल्ल्याचा बुरूज ढासळला तर निदान बातमी होते. ज्यांनी या काळ्या मातीत पहिली शेती केली, त्यांच्या घरांसाठी एकही फाइल हलत नाही. मुलांना मोहेंजोदडो शिकवता, इजिप्त शिकवता, आणि इथल्या पहिल्या शेतकऱ्याची जमीन रॉयल्टीच्या पावतीवर विकता! कोणतंही सरकार येवो, हेच चालत आलंय.

पाहणीचं पथक कोणत्या तारखेला येणार, ते लेखी कळवा.

आपला,
भीमा खोऱ्यातला एक पुरातत्त्व अभ्यासक