दत्ता, अक्कांना एवढं विचार

पदुम, झंस्कार, लडाख
सप्टेंबर

प्रिय दत्ता,

कुमिक गावचे आपले मेमे आणि अबी, म्हणजे ते आजोबा-आजी, बहुतेक या हिवाळ्याआधी खाली मार्थांगच्या नव्या वस्तीत उतरणार. काल वर जाऊन आलो, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. इतर कुणाला सांगितलं तर "बरंच झालं की, पाण्याजवळ गेले" म्हणून मोकळे होतील. तू उजनी धरणात बुडालेल्या पळसदेवचा आहेस, म्हणून तुला लिहितोय.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा अधूनमधून दुखतो, चालायचंच.

वरच्या बर्फाचं पाणी पिकाला पुरत नाही हे आपण पाहिलंच होतं. गावाने 2000 च्या सुमारास उठायचं ठरवलं, लुंगनाक नदीचं पाणी आणायला लोकांनी स्वतः कालवा खणला. चाळीसेक घरांचं गाव, त्यातली बरीच आता खाली. मेमेंच्या थोरल्याने तिथे छान घर बांधलंय. दक्षिणेला मोठ्या काचा, ऊन थेट आत. सून मला हौसेने खोली न् खोली दाखवत होती. पाण्यासाठी तिची किती वणवण झालीये! तिला आता कुणी परत वर चल म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

पण अबी हलायला तयार नाही. तिने मला हाताला धरून गच्चीवर नेलं. तू जिथे चादरवरच्या, म्हणजे गोठलेल्या नदीवरच्या, घसरगुंडीची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतंस ना, तीच गच्ची. शेणी रचायला सुरुवात झालीये. तिथून तिने एकेक घर दाखवलं. सगळी घरं खडकाळ उतारावर एकमेकांना चिकटून, आणि जिथे पाणी पोचतं ती माती सगळी शेतांना. ओंजळभर लागवडीची जमीनसुद्धा कुणी घराखाली घातली नाही. मग म्हणाली, "हे आमच्या पस्पुनचं, ते पण, आणि ते कुलूपवालं पण." एकाच कुलदैवताची ही घरं. बाळंतपण, लग्न, मयत, काही असो, आधी हीच धावायची. प्रेत उचलायलाही तीच. "खाली ही घरं कुठे आहेत?" तिने विचारलं. मी गप्प बसलो.

खाली ती आहेत रे, पण विखुरलेली. प्रत्येकाचं घर आपापल्या तुकड्यावर, भोवती भिंत, पॉपलरची नवी रोपं, आणि दुपारनंतर त्या माळावर असा वारा सुटतो की शेजाऱ्याला हाक ऐकू जात नाही. मला तुमचं नवं गावठाण आठवलं, उजनीचं पाणी आल्यावरचं. सरळ रस्ते, प्लॉटला नंबर. कुठली आळी कुठे गेली ते अक्का बोटांवर मोजून सांगायच्या.

आपलं भांडण याच गावात झालं होतं. तू म्हणालास, माणूस पाण्यामागे जातो, त्यात रडण्यासारखं काय? मी म्हणालो, मग तुझे वडील उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं शिखर बघायला काठावर का जाऊन बसायचे? तू पदुमपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. मी अजूनही तेच म्हणेन. फक्त तुम्ही पाण्यामुळे उठलात आणि हे पाण्यावाचून उठतायत.

आणखी एक गोष्ट. इथे थोरल्याचं लग्न झालं, त्याने कारभार हाती घेतला की आईबाप मोठं घर सोडून जवळच्या छोट्या घरात जातात, पोटापुरतं शेत घेऊन. धाकटे पूर्वी थोरल्याच्याच संसारात राहायचे, एकाच बायकोचे नवरे म्हणून, नाहीतर करशासारख्या गोन्पात, म्हणजे मठात जायचे. जमिनीचे तुकडे पडत नसत. 1941 च्या कायद्याने त्या लग्नांवर बंदी आणली, हळूहळू वाटण्या आल्या. ती पद्धत परत यावी असं म्हणणारं इथे मला कुणी भेटलं नाही. पण म्हाताऱ्यांचं छोटं घर ही फार शहाणी सोय होती. वेगळी चूल, आणि तरी हाकेच्या अंतरावर. मार्थांगच्या नव्या घरात अबीला एक खोली आहे. उबदार आहे, पण चूल सुनेची.

मेमे काहीच बोलत नाहीत. संध्याकाळी त्यांची पाण्याची पाळी होती. झिंगमध्ये, म्हणजे साठवणीच्या तळ्यात, रात्रभर साठलेलं पाणी दिवसाच संपलं होतं, तळाला चिखल. तरी फावडं घेऊन गेले, पाटाच्या तोंडचा दगड आणि गवताचं ढेकूळ काढलं, मनगटाएवढी धार आली तेवढी वाटाण्याच्या वाफ्यात वळवली, आणि पाळी संपल्यावर ढेकूळ परत नीट दाबून बसवलं. पुढची पाळी कुलूपवाल्या घराची होती.

निम्मू–पदुम–दारचा हा रस्ता 2024 मध्ये जोडला गेला, त्यामुळे तुला आता यायला निमित्त नको. लोणी घातलेला चहा न पिण्याची सूट मी अबीकडून मिळवतो.

ऊस कसा आहे? ताईच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

आणि अक्कांना एवढं विचार: नव्या गावठाणात आल्यावर पहिलं मयत झालं तेव्हा कोण धावलं? जुन्या आळीतले की प्लॉटशेजारचे? त्या काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहून पाठव. रविवारी मी वर जाणार आहे, अबीला सांगायचंय.

तुझा,
सुधीर