ताई, आधी पावलं पाहिलीत म्हणून

ताई, नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "जा, अंग गरम कर" म्हणून पिटाळता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. नागपुरात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या इतर मुलींच्याही नजरेला ते पडावं, असं फार वाटतं.

भरतीच्या मैदानी चाचणीत आम्हा मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. ५० पैकी २० गुण एकट्या ८०० मीटरला. त्यामुळे रेशीमबागेच्या मैदानावर पहाटे येणारी जी ती धावतच असते. पायांची ताकद वेगळी कमवायची असते, गोळासुद्धा आधी पायांतूनच निघतो, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. आणि ते तुम्ही स्वतःच्या नोकरीच्या आधीचा वेळ काढून, एक रुपया न घेता शिकवलंत.

जिममध्ये वजनाच्या रॉडला हात लावू देण्याआधी तुम्ही बूट काढायला लावलेत. धावायच्या बुटाचा मऊ तळ वजनाखाली दबतो आणि पाऊल डुगडुगतं, म्हणून स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन खाली बसून उठणं, सपाट तळाच्या बुटात किंवा अनवाणी. मग अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेखाली कागदाची एकेक पट्टी ठेवलीत. मी खाली जात असताना तुम्ही एकेक पट्टी हलकेच ओढून पाहायचात. जी निसटली, तिथलं वजन उचललं गेलं. या तीन जागा शेवटपर्यंत जमिनीला चिकटून राहिल्या पाहिजेत, हे मला शब्दांनी इतकं लवकर समजलं नसतं.

दोन पावलांत अंतर किती, हा प्रश्न तर प्रत्येकीने विचारला. साधारण खांद्याएवढं, बोटं १५ ते ३० अंश बाहेर वळलेली, इतकं सांगून तुम्ही थांबला नाहीत. खुब्याची खोबण कुणाची खोल, कुणाची उथळ. मांडीच्या हाडाचा वळसाही प्रत्येकीचा निराळा. म्हणून एकीची पावलं पाहून दुसरीने ठेवायची नाहीत. उकिडवं बसायचं, टाचा टेकलेल्या आणि पाठ सरळ राहते ती जागा शोधायची. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा बरीच रुंद उभी राहते आणि ते तिच्यासाठी अगदी बरोबर आहे.

गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये, असं आम्ही सगळीकडे ऐकत आलो होतो. तुम्ही मला आरशाकडे बाजू करून उभं करून दाखवलंत: मांडी लांब असेल तर गुडघा थोडा पुढे जातोच. तो जबरदस्तीने मागे धरला की धड पुढे झुकतं आणि भार कंबरेवर येतो. सांभाळायचं ते वेगळंच. गुडघा बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे, आत कोसळता कामा नये. वर येताना तुमचं "गुडघे बाहेर!" मला आता घरीसुद्धा ऐकू येतं.

टाच उचलली जाणाऱ्या मुलींना तुम्ही कधी रॉडवरचं वजन कमी आहे की जास्त असं विचारलं नाहीत, आधी घोटा तपासलात. भिंतीपासून सुमारे १० सेंटीमीटरवर अंगठा ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. लागत नसेल तर घोटा आखडलेला आहे. तो मोकळा होईपर्यंत टाचेखाली वजनाची पातळ प्लेट, सोबत पोटऱ्या ताणायचा व्यायाम. तुमचे आजोबा महाल भागातल्या आखाड्यात बैठका मारायचे, तीही गोष्ट तेव्हाच सांगितलीत. बैठकीत टाच उचलली जातेच, त्यात काही चूक नाही, ती स्वतःच्या वजनावरची लयीतली मेहनत. खांद्यावर रॉड आला की मात्र पूर्ण पाऊल टेकलेलं हवं. जुन्या मेहनतीला कमी न लेखता फरक समजावून देणं मला फार आवडलं.

लंजमध्ये, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवताना, दोन्ही पावलं एका रेषेत न ठेवता रेल्वेच्या दोन रुळांवर ठेवल्यासारखी ठेवायची, म्हणजे तोल जात नाही. लेग प्रेसला, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर, पाय वर ठेवले तर नितंब आणि मांडीची मागची बाजू जास्त राबते, खाली ठेवले तर पुढची. वजन कंबर गादीवरून सुटेल इतकं खाली आणायचं नाही, वर ढकलताना गुडघे झटक्याने ताठ करायचे नाहीत. पोटरीचा व्यायाम उभ्यानेही आणि बसूनही, कारण गुडघा वाकलेला असताना आतला स्नायू जास्त काम करतो आणि धावणाऱ्याला तोही लागतो. हे सगळं माझ्या वहीत आहे, तुमच्या सांगण्याप्रमाणे चित्रांसकट.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना, पत्र्याखालच्या त्या जिममध्ये तुम्ही आमच्या पावलांशी जमिनीवर बसून असायचात. त्याबद्दल काय म्हणू, ताई? तुमचे उपकार मी विसरणार नाही. ८०० मीटरच्या शेवटच्या वळणावर आता पाय साथ देतात, गुडघा कुरकुरत नाही. भरतीचं जे होईल ते होईल, हे पाय तुम्ही दिलेत.

या रविवारी माझ्यासोबत हॉस्टेलवरच्या दोघी येतील. गडचिरोलीच्या आहेत, धावतात छान. एकीची डावी टाच उचलली जाते, भिंतीची चाचणी मी घेतली आहे, गुडघा टेकत नाही. तिच्याकडे तुम्ही एकदा बघा, आणि प्लेट किती जाडीची ठेवायची ते सांगा.

तुमची,
नंदनवन भागातली विद्यार्थिनी