परवान्याचे नूतनीकरण आंबा हंगामाआधी व्हावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आंब्याचा हंगाम सुरू झाला की देवगड, राजापूर भागातून वाशीच्या बाजारासाठी रात्री-अपरात्री गाड्या सुटतात आणि नेमक्या याच धांदलीत वाहन चालवण्याच्या परवान्याची मुदत कधी संपली, हे ना चालकाच्या लक्षात येते, ना गाडीमालकाच्या. व्यावसायिक वाहने चालवण्याचा परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि मुदतीनंतरची पूर्वीची ३० दिवसांची सवलत मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने रद्द झाली आहे. वर्ष उलटले तर पुन्हा वाहनचाचणी द्यावी लागते. मुदतीपूर्वी वर्षभर आधी अर्ज करता येतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

नूतनीकरणासाठी लागणारे नमुना १-अ चे वैद्यकीय प्रमाणपत्र केवळ सही-शिक्क्यापुरते घेतले जाऊ नये. आंबा किंवा फोंडा घाटात वळणावर समोरच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपतात, तेव्हा चालकाची अधू नजर इतरांच्याही जिवावर बेतते. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो; पिकअप चालवणाऱ्या तरुणांची त्यामुळे मोठी सोय झाली, तरी त्यांची नेत्रतपासणी मालकांनी स्वतःहून करून घ्यावी.

परिवहन विभागाने तालुक्याच्या ठिकाणी दर जानेवारीत केवळ नूतनीकरणासाठी शिबिर भरवावे आणि तेथे शासकीय नेत्रतज्ज्ञ उपलब्ध करून द्यावा, ही विनंती.

— एक बागायतदार, राजापूर