त्या पडलेल्या शीटबद्दल, काकू

ती. काकूंना सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. साताऱ्यातल्या ज्या स्टुडिओच्या पाटीवर तीस वर्षं फक्त काकांचं नाव होतं आणि आत डार्करूममध्ये होल्डर, म्हणजे फिल्मच्या चपट्या चौकटी, भरणं, फिल्म धुणं, निगेटिव्हवरचे डाग भरायला पेन्सिल चालवणं सगळं तुम्ही करत होतात, त्या काकूंना हे पत्र. एवढी ओळख पुरे.

मामांचा वाईजवळचा वाडा संक्रांतीनंतर पाडायचं ठरलं, तेव्हा माझ्याकडे चार बाय पाच इंचाचा लाकडी कॅमेरा होता, लेन्स होती आणि त्यात एकेक करून घालायच्या फिल्मच्या सुट्या शीट नव्हत्या. मोबाईलवर वाड्याचे शेकडो फोटो आहेत. पण त्या अरुंद बोळातून मोबाईल जरा वर केला की भिंती माथ्याशी एकमेकींकडे झुकतात. मोठ्या कॅमेऱ्यात नुसती लेन्स वर सरकवता येते आणि वाडा ताठ उभा राहतो. मला तो ताठ उभा हवा होता, शेवटचा.

पहिला डबा ज्यांनी विकला त्यांना मी तीन वेळा माप विचारलं होतं. "नऊ बाय बारा म्हणजेच चार बाय पाच, ताई. एकच." एक माप सेंटिमीटरचं, दुसरं इंचाचं! नऊ बाय बाराची शीट लहान असते, चार बाय पाचच्या होल्डरमध्ये ती पट्टीखाली धरतच नाही, आत सुटी खुळखुळते. अंधारात अर्धा तास झटून मला हे कळलं. परत घ्यायला गेले तर म्हणाले, डबा उघडलाय.

दुसरा डबा परदेशातून मागवला. इलफर्ड कंपनीची एचपी फाइव्ह फिल्म, 25 शीट. जकात धरून एकेक शीट अडीचशेच्या घरात गेली. फक्त पूर्ण अंधारात उघडा, असं या डब्यांवर छापलेलं असतं. एकात एक बसणारी तीन झाकणं असतात ती काय शोभेसाठी? माझ्या डब्याची झाकणं उलटसुलट लावलेली होती, आतलं काळं पाकीट फाडलेलं होतं आणि वरून चिकटपट्टी मात्र नीट. वाटेत कुणीतरी शीट उजेडात काढून बघितल्या होत्या. एक ओळ वाचली असती तर! तक्रारीचं उत्तर आलं, पार्सल नियमानुसार तपासण्यात आले आहे. त्या रात्री मी खूप रडले.

तुमच्याकडे आले ते तिसरा डबा घेऊन, आणि खरं सांगायचं तर घाबरून. तुमच्या ओसरीवर केरळातल्या अलेप्पीचा तो वागीश्वरी कॅमेरा कापडाखाली झाकून ठेवलेला. सगळं ऐकून तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "तो वाया गेलेला डबा फेकला नाहीस ना?" मला वाटलं होतं, आता मला बोलणी बसणार. तुम्ही मात्र त्या वाया गेलेल्या शीट मागवून घेतल्यात आणि दोन दिवस मला डोळे मिटून होल्डर भरायला लावलेत. शीट उभी धरायची, कोपऱ्यातल्या खाचा वर उजवीकडे, उजव्या तर्जनीखाली आल्या की मसाला, म्हणजे उजेड टिपणारी बाजू, आपल्याकडे. होल्डरच्या सरकत्या झाकणाच्या दांडीवरचे उंचवटे बोटाला लागले की ती पांढरी बाजू, म्हणजे फिल्म अजून कोरी. फोटो काढला की काळी बाजू बाहेर. आणि रिकाम्या झालेल्या त्याच डब्यात काढलेल्या शीट ठेवायच्या. "नवशिक्याकडे रिकामा डबा कधीच नसतो बघ, तुझ्याकडे आहे," म्हणालात. माझा बुडालेला पैसा तुम्ही असा कामाला लावलात.

मग खरी रात्र. फ्रीजमधला डबा तुम्ही दुपारीच बाहेर काढून ठेवायला लावला होता, गार फिल्म लगेच उघडली तर घामेजते म्हणून. दाराच्या फटीला सतरंजी, चार्जरच्या दिव्यावर काळी पट्टी. आणि चौथ्या होल्डरला माझ्या हातातून शीट निसटली.

काकू, तो आवाज मला अजून ऐकू येतो. अगदी हलका, सुकं पान पडावं तसा. मी म्हटलं, जाऊ दे, राहू दे ती. तुम्ही काहीच बोलला नाहीत. आधी स्टुलाची करकर ऐकू आली, मग तुमचा एक दीर्घ श्वास, मग फरशीवरून सावकाश सरकणारे तळहात. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या तुम्ही, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या काळोखात रांगत होतात. थोड्या वेळाने माझ्या हाताला तुमचा हात लागला. शीट कडांनी धरलेली, आणि ती माझ्या हातात अशी दिलीत की खाचा बरोब्बर माझ्या तर्जनीखाली आल्या. "घे. अडीचशे रुपयांची आहे," एवढंच म्हणालात.

ज्यांचं काम होतं त्यांना डब्यावरची एक ओळ वाचवली नाही. ज्यांचा धंदा होता त्यांना माप नीट सांगवलं नाही. आणि जिचं माझ्याशी काही नातं नाही, ती बाई माझ्या एका शीटसाठी जमिनीवर उतरली. मला त्या रात्रीपासून माणसांचा राग पूर्वीसारखा येत नाही. कुठेतरी कुणीतरी दुसऱ्याची वस्तू कडांनी धरत असेल, असं वाटत राहतं. हे तुम्हाला समोर बसून सांगता आलं नाही, गळा दाटतो, म्हणून लिहिते आहे.

वाडा गेल्या आठवड्यात पाडला. सोबत चार नंबरच्या होल्डरमधल्या शीटचा प्रिंट आहे. दिंडी दरवाजा, वरचा सज्जा, सगळं ताठ. सज्ज्याच्या वर आकाशात एक काळा ठिपका दिसेल. तुमच्या फरशीवरचा धुळीचा कण फिल्मला चिकटून आला असणार, तेवढी जागा निगेटिव्हवर कोरी राहिली आहे. कॉम्प्युटरवर तो एका मिनिटात जाईल, पण मी हात लावलेला नाही. रविवारी निगेटिव्ह घेऊन येते. तुमची ती लांब टोकाची पेन्सिल काढून ठेवा. तो ठिपका तुम्हीच भरा, मी शेजारी बसून बघते.

तुमची,
डबा न फेकलेली मुलगी