मिलानच्या मावशींना जाहीर आभार

मावशी,

सप्रेम नमस्कार.

आईचे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. इटलीतल्या लागो माज्जोरे तळ्यावर जायचं म्हणजे त्यातलं इझोला बेल्ला बेट बघायचं, असं जो तो सांगत होता. आणि तिथली बाग तर एकावर एक दहा टप्प्यांची! तुम्ही मात्र फोनवरच फर्मावलंत: "काठावरच्या स्त्रेझा गावाच्या धक्क्यावर खासगी होडीवाले मागे लागतील, लक्ष देऊ नका. सरकारी बोटीचा दिवसभराचा पास काढा आणि आधी इझोला माद्रे या दुसऱ्या बेटावर जा."

तुमचं ऐकलं म्हणून आईला तो काश्मिरी सायप्रस निवांत बघता आला. हिमालयातल्या बियांपासून वाढलेलं, दीडशे वर्षांच्या घरातलं झाड. २००६च्या जूनमध्ये वादळात मुळासकट आडवं झालं होतं. क्रेनने उभं करून पोलादी दोरांनी ताणून बांधलंय. निळसर-करडी पालवी अजून खाली लोंबते. आई दोरांपाशी बराच वेळ उभी होती. "आपल्याकडे असतं तर दुसऱ्या दिवशी सरपण झालं असतं," हा तिचा शेरा. बोचला, पण खोटा नाही.

तिथल्या वाटा रुंद, भरपूर सावलीच्या. ती कुठे दमली नाही. एवढ्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी कॅमेलिया आणि ताडाची झाडं कशी, हे कोडं तुम्हीच सोडवलंत: तळं साडेतीनशे मीटरहून खोल, उन्हाळ्यात साठवलेली ऊब ते हिवाळ्यात हळूहळू सोडतं. मला ही माहिती कुठल्याही राजवाड्यापेक्षा जास्त आवडली.

इझोला बेल्ला शेवटी ठेवायचं, हेही तुमचंच. १९३५ साली मुसोलिनीची परिषद भरली तो महाल आम्ही भराभर उरकला. उकाड्यापासून सुटका म्हणून तळमजल्यावर केलेल्या, गारगोट्यांनी मढवलेल्या खोल्यांत मात्र आई रमली. वरच्या टप्प्यांवर मी एकटाच गेलो. ती खाली थांबली होती, ते तुम्ही सांगितलेल्या कापराच्या झाडापाशी. खाली पडलेलं पान चुरगाळून तिने माझ्या नाकाशी धरलं. रोज आरतीला कापूर लावणाऱ्या माझ्या आईने सत्तरी ओलांडल्यावर कापराचं झाड पहिल्यांदा पाहिलं! पांढऱ्या मोरांकडे मग तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

ड्युटीवरून दमून आल्यावरही तुम्ही बोटींच्या वेळा लिहून पाठवल्यात, कुठे जिने आहेत तेही कळवलंत. मनापासून आभार. दिवाळीत पुण्याला याल तेव्हा मुक्काम आमच्याकडेच करायचा. आईने चकलीची भाजणी आत्ताच तुमच्या नावाने धरली आहे.

तुमचा,
मैत्रिणीचा मुलगा