बाबांनी विचारलेला प्रश्न

विनिपेग, कॅनडा
१८ फेब्रुवारी

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना तू चहा टाकायला उठलीस, तेवढ्यात बाबांनी मला हळूच विचारले, "जन्मात कधी तंबाखू खाल्ला नाही, कुणाचे वाईट चिंतले नाही; मग हे कुठल्या जन्मीचे भोग?" तू परत येताच ते मृगबहाराच्या संत्र्यांचा भाव सांगू लागले. कॅन्सर फुप्फुसातून हाडांत पसरल्याचे आपण त्यांना सांगितलेले नाही, पण ते त्यांना केव्हाच कळलेले आहे, असे मला त्या क्षणी वाटले.

हाडांचे दुखणे मॉर्फिनने आटोक्यात येईल. हा प्रश्न गोळीने जाणारा नाही. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेचे केंद्र, सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी अशा रुग्णांच्या वेदनेत शरीर, मन, घरसंसार आणि अध्यात्म अशा चारही बाजू धरल्या होत्या, आणि आमच्या वॉर्डात आजही त्याच हिशेबाने काम चालते. बाबांसाठी आध्यात्मिक समुपदेशक बघू, असे मी सुचवले तेव्हा "आपल्या घरात देव आहे, मग समुपदेशक कशाला?" असे तू म्हणालीस, परंतु ही माणसे बुवा-महाराज नव्हेत. ती उपदेश करत नाहीत, कुणाचा धर्म बदलत नाहीत. खाटेजवळ खुर्ची ओढून बसतात आणि रुग्ण बोलेल ते ऐकतात. कॅन्सरच्या प्रगत अवस्थेतल्या १७० रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासात, श्रद्धेचा आधार वाटणाऱ्यांचे जीवनमान चांगले आढळले, तर आजाराला देवाची शिक्षा समजणाऱ्यांचे खालावलेले आढळले. म्हणूनच बाबांच्या तोंडचा 'भोग' हा शब्द मला झोपू देत नाही.

तुकडोजी महाराजही १९६८ साली कॅन्सरनेच गेले, त्यांचे कुठले भोग होते, असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले, कारण वादात मी जिंकले असते तरी रात्री छताकडे बघत जागे तेच राहिले असते. तूही "असे अभद्र बोलू नये" म्हणून त्यांना गप्प करू नकोस. त्यांना बोलू दे, आणि उत्तर सुचले नाही तर नुसती जवळ बस.

याच गावच्या डॉ. हार्वी चोचिनोव्ह यांची एक पद्धत आहे. रुग्णाला त्याच्या आयुष्याबद्दल विचारतात, बोलणे रेकॉर्ड करून उतरवतात, त्याला वाचून दाखवतात आणि मग घरच्यांना देतात. २००५ साली त्यांनी १०० रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले, त्यांत ७६ टक्क्यांनी आपली प्रतिष्ठा वाढल्यासारखे वाटले असे सांगितले. पुढच्या मोठ्या चाचणीत मनःस्तापाच्या मोजमापात ठळक फरक पडला नाही, हेही तुला सांगायला हवे. तरी रुग्णांना तो उपक्रम उपयोगाचा वाटला होता.

पुढच्या तपासणीला गेलात की तिथल्या पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना व त्रास कमी करणाऱ्या, विभागात समुपदेशक आहे का, ते दादाला विचारायला सांग. तोवर घरीच सुरुवात कर. अजनीच्या लोकोशेडमधल्या पहिल्या रात्रपाळीबद्दल बाबांना विचार, त्यावर ते नक्की बोलतील. दुपारी जेवणानंतर, मळमळ कमी असताना, वीसेक मिनिटे पुरेत. माझा जुना मोबाईल रेकॉर्डिंगला चालेल. त्याचा चार्जर टीव्हीच्या कपाटात, खालच्या खणात आहे.

तुझी,
ताई